देवनागरी अक्षरमांडणी : ग्राफिक डिझाइन शिकणाऱ्यांसाठी पहिले धडे

ग्राफिक डिझाइनच्या बहुतेक अभ्यासक्रमांत अक्षरमांडणी, म्हणजे जिला सर्रास टायपोग्राफी म्हटले जाते ती, रोमन लिपीच्या आधाराने शिकवली जाते. विद्यार्थी कॅपिटल आणि स्मॉल अक्षरे, इटॅलिक (तिरकी अक्षरे), सेरिफ (अक्षराच्या टोकांना असणाऱ्या लहान आडव्या रेघा) यांचे नियम पाठ करतो आणि प्रत्यक्षात पहिले काम हाती येते ते एखाद्या पतसंस्थेच्या वार्षिक अहवालाचे, नाटकाच्या जाहिरातीचे किंवा लग्नपत्रिकेचे. या कामांतील मजकुराला कॅपिटल अक्षरे नाहीत, तिरक्या अक्षरांची परंपरा नाही आणि त्याची अक्षरे आधाररेषेवर उभी नसून शिरोरेषेला टांगलेली आहेत. रोमनचे नियम जसेच्या तसे लावले की मराठी मजकूर बारीक, दाटीवाटीचा आणि परका दिसू लागतो, आणि मग दोष लिपीच्या माथी मारला जातो. रोमनचा अभ्यास सोडून द्यावा असे नव्हे. मात्र मराठीत काम करायचे असेल तर मोजपट्टी शिरोरेषेला लावूनच सुरुवात करावी लागते. ती कशी करावी, याचा एक क्रम पुढे दिला आहे.

अक्षराची घडण

एखाद्या चांगल्या फॉन्टमध्ये ‘मूर्तींकडून’ हा शब्द आडव्या कागदाच्या रुंदीत जेमतेम मावेल एवढा मोठा करून छापून घ्यावा. हा शब्द मुद्दाम निवडला आहे, कारण देवनागरीची बरीचशी गुंतागुंत त्यात एकत्र आली आहे. ‘म’खाली दीर्घ उकार आहे, ‘त’वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार या तिघांची गर्दी आहे, ‘ड’खाली पुन्हा उकार आहे आणि ‘न’ मात्र मोकळा आहे. पेन्सिल आणि पट्टी घेऊन या शब्दावर चार आडव्या रेषा आखाव्यात : पहिली वेलांटी-रफाराच्या माथ्यावरून, दुसरी शिरोरेषेवरून, तिसरी ‘म’ आणि ‘न’ यांच्या दांड्या जिथे संपतात तिथून आणि चौथी उकाराच्या तळावरून. यातून तीन पट्टे तयार होतात. मधल्या पट्ट्यात अक्षराचा मुख्य देह असतो. वरच्या पट्ट्यात मात्रा, वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि अर्धचंद्र, तर खालच्या पट्ट्यात उकार, ऋकार आणि काही जोडाक्षरांचे पाय.

आता हे तिन्ही पट्टे मोजावेत. बऱ्याच फॉन्टमध्ये वरचा आणि खालचा पट्टा मिळून जवळजवळ मधल्या पट्ट्याएवढे भरतात. फॉन्टच्या पॉइंट-आकारात (पॉइंट हे छपाईतील अक्षरांच्या आकाराचे माप) ही सगळी उंची सामावून घ्यावी लागत असल्याने अक्षराच्या देहाला त्यातला साधारण निम्माच वाटा मिळतो. मराठी मजकूर इंग्रजीच्या शेजारी लहान का दिसतो, दोन ओळींमध्ये जास्त अंतर का लागते आणि लहान आकारात अनुस्वार का हरवतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या एका मोजणीत आहेत. म्हणून हा प्रयोग नुसता वाचून पुढे जाऊ नये. हाताने करून पाहावा.

यानंतर वर्णमालेकडे रचनेच्या दृष्टीने पाहावे. शाळेत आपण ती उच्चारस्थानांच्या क्रमाने शिकलो. डिझायनरला ती दांडीच्या जागेवरून पुन्हा शिकावी लागते. ग, त, न, प, म, व, स यांसारख्या अक्षरांना उजवीकडे उभी दांडी असते. क आणि फ यांची दांडी मध्यभागी असते. ट, ठ, ड, ढ, द, ह यांना पूर्ण उंचीची दांडीच नसते. शिरोरेषेखाली लहानसा देठ निघतो आणि तिथून गोलाई सुरू होते. उजव्या दांडीचे अक्षर अर्धे करायचे तर दांडी काढून टाकली की काम भागते, म्हणून ‘स्त’, ‘ग्य’, ‘प्त’ ही जोडाक्षरे आडवी जुळतात. दांडी नसलेल्या अक्षरांना ती सोय नाही. ‘ट्ट’, ‘ठ्ठ’, ‘द्ध’ ही जोडाक्षरे एकाखाली एक रचावी लागतात किंवा पाय मोडून लिहावी लागतात. एकाखाली एक रचलेले जोडाक्षर खालचा पट्टा व्यापते आणि त्याच्या पोटाशी शाई दाटते. ‘विठ्ठल’ या नावाचा फलक ज्याने एकदा जाड फॉन्टमध्ये केला आहे, त्याला ‘ठ्ठ’चे हे वजन वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

शिरोरेषा अखंड असते असे आपण म्हणतो, पण थ, ध आणि भ यांच्या डाव्या अंगाला ती तुटलेली असते, आणि ही तूट अर्थ सांभाळत असते. लहान आकारात, निकृष्ट कागदावर किंवा जाड फॉन्टमध्ये ती फट बुजली की ‘धन’चे ‘घन’ होते, आणि ‘भरण’चे ‘मरण’ व्हायला शाईचा एक ठिपका पुरतो. कोणताही फॉन्ट मजकुरासाठी घेण्यापूर्वी घ-ध, म-भ, य-थ, प-ष आणि व-ब या जोड्या आठ पॉइंटमध्ये छापून हातभर अंतरावरून वाचून पाहाव्यात.

हाताने गिरवणे

संगणकावर बसण्यापूर्वी काही दिवस हाताने कित्ता गिरवावा, हा सल्ला जुनाट वाटेल, पण त्याला पर्याय नाही. बांबूचा बोरू मिळाला तर उत्तम. नाहीतर पसरट टोकाचे कोणतेही सुलेखन पेन चालेल, फक्त त्याचा काप देवनागरीला साजेसा असावा. रोमन लिपी पसरट निबाने लिहिताना डावीकडून उजवीकडे उतरणारी तिरपी रेघ जाड होते. देवनागरीच्या बोरूचा काप उलट्या दिशेचा असल्यामुळे उजवीकडून डावीकडे उतरणारी रेघ जाड होते. अक्षराचा जाड-बारीकपणा कुठून येतो हे एकदा हाताला कळले की रोमन अक्षरांचे तुकडे जोडून बनवलेले देवनागरी फॉन्ट डोळ्यांना लगेच खटकू लागतात. हेच या सरावाचे फलित. सुंदर हस्ताक्षर झाले तर तो वरचा लाभ.

गिरवताना चांगले नमुने समोर असावेत. जावजी दादाजी यांनी १८६९ मध्ये मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची पुस्तके जुन्या ग्रंथालयांत अजूनही सापडतात. त्यांतील एखादे पान भिंगाखाली धरून पाहावे. शिशाचे खिळे एकेक करून जुळवलेले असूनही पानाचा काळेपणा सर्वत्र सारखा कसा राहिला आहे, गाठी किती मोकळ्या ठेवल्या आहेत आणि काना मागच्या अक्षरापासून किती अंतरावर उभा आहे, हे टिपून ठेवावे. शीर्षकांच्या अक्षरांसाठी मराठी नाटकांच्या जाहिरातींतील कमल शेडगे यांचे काम पाहावे. नाटकाचा स्वभाव अक्षराच्या वळणात उतरवण्याची त्यांची हातोटी आजही अभ्यासण्यासारखी आहे. अच्युत पालव यांचे मोडीवर आधारलेले सुलेखन वेगळ्या अंगाने उपयोगी पडते, कारण त्यात अक्षर किती ताणता येते आणि कुठे थांबावे लागते हे दिसते. पण एक सावधगिरी बाळगावी : शीर्षकातील अक्षर आणि मजकुरातील अक्षर यांची कामे वेगळी आहेत. पहिल्याने लक्ष वेधायचे असते, दुसऱ्याने लक्ष आपल्याकडे न वेधता वाचू द्यायचे असते.

फॉन्टची परीक्षा

फॉन्ट निवडताना नवशिका डिझायनर फॉन्टचे नाव ज्या अक्षरांत लिहिलेले असते तेवढेच पाहतो. त्याऐवजी स्वतःची एक परीक्षा-ओळ तयार ठेवावी आणि प्रत्येक नवा फॉन्ट तिच्यावर घासून पाहावा. उदाहरणार्थ :

दऱ्याखोऱ्यांतील आचार्य, स्त्रियांचा दृष्टिकोन, ब्रह्मांड आणि वाङ्मय, विठ्ठलाचे हृदय, उद्घाटन, क्लृप्ती, कर्त्यांनी, रुपये व रूप, ॲड. आणि डॉ., ५८९.

या ओळीला साहित्यिक मूल्य काही नाही. तिच्यातला प्रत्येक शब्द एकेका दुखऱ्या जागेवर बोट ठेवतो. ‘दऱ्या’तील ऱ्य आणि ‘आचार्य’मधील र्य ही दोन वेगळी जोडाक्षरे आहेत. पहिल्यात ‘य’च्या आधी आडवी रेघ येते, दुसऱ्यात ‘य’वर रफार येतो, आणि ज्या फॉन्टच्या कर्त्याने मराठीचा विचारच केलेला नसतो तिथे पहिले रूप एकतर मोडते किंवा कसेबसे चिकटवलेले दिसते. ‘स्त्रियां’मधील ऱ्हस्व वेलांटीची कमान ‘स्त्र’ या रुंद जोडाक्षरावरून जाऊन त्याच्या दांडीपर्यंत पोहोचली पाहिजे. कमी मेहनतीच्या फॉन्टमध्ये एकाच मापाची वेलांटी सगळीकडे वापरल्यामुळे ती मध्येच अधांतरी संपते. ‘कर्त्यांनी’मध्ये रफार आणि अनुस्वार एकमेकांवर चढतात की शेजारी नीट बसतात ते पाहावे. ‘रु’ आणि ‘रू’ यांत उकार अक्षराच्या खाली न येता कुशीत येतो. हा ऱ्हस्व-दीर्घ फरक लहान आकारात दिसतो का, तेही तपासावे.

यापुढचा मुद्दा मराठी वळणाचा. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ रूढ आहेत, तर अनेक फॉन्टमध्ये हिंदी मुलखातील दांडीचा ‘ल’ आणि तिकडचा ‘श’ गृहीत धरलेला असतो. राज्य शासनाने २००९ साली देवनागरी वर्णमाला प्रमाणित करताना मराठी वळणाचीच बाजू घेतली. ५, ८ आणि ९ या अंकांच्या वळणांतही असाच प्रादेशिक फरक आढळतो. काही आधुनिक फॉन्टमध्ये दोन्ही वळणे साठवलेली असतात आणि मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी नेमली तरच मराठी रूप पडद्यावर येते. त्यामुळे फॉन्टला नावे ठेवण्यापूर्वी सॉफ्टवेअरमध्ये किंवा वेबपानावर भाषा कोणती नेमली आहे ते पाहावे. ती हिंदी असेल तर फॉन्ट बिचारा सांगितलेलेच करतो आहे. टिरो देवनागरी या कुटुंबात तर हिंदी, मराठी आणि संस्कृत यांसाठी स्वतंत्र फॉन्टच उपलब्ध आहेत.

सुदैवाने आज चांगल्या आणि मोफत फॉन्टचा तुटवडा नाही. मुंबईच्या एक टाइप या संस्थेचे मुक्ता, बालू आणि अनेक, इंडियन टाइप फाउंड्रीचे हिंद आणि पॉपिन्स, तसेच गूगलच्या नोटो मालिकेतील देवनागरी फॉन्ट खुल्या परवान्याखाली मिळतात आणि व्यावसायिक कामातही वापरता येतात. मुंबईच्या लोकल रेल्वे स्थानकांवरील हाताने रंगवलेल्या पाट्यांवरून घडवलेला यात्रा वन हा फॉन्ट शीर्षकाला बहार आणतो, पण त्यात परिच्छेद लावू नये. विंडोजमधील ‘मंगल’ या फॉन्टला नाके मुरडणारे पुष्कळ भेटतात, पण तो र. कृ. जोशी यांच्यासारख्या अक्षरतज्ज्ञाने अशा काळात घडवला, जेव्हा पडद्यावर देवनागरी धड उमटणे हीच मोठी गोष्ट होती, हे लक्षात ठेवले तर बरे. शिकण्याच्या काळात चार-पाच वजने, म्हणजे अक्षराच्या जाडीच्या पायऱ्या, असलेले एकच फॉन्ट-कुटुंब धरून राहावे. एका पत्रकात सहा फॉन्ट वापरण्याची हौस बहुधा मांडणीचा आत्मविश्वास नसल्याची खूण असते.

जाड वजनाबद्दल एक सूचना. देवनागरीत एका अक्षरात गाठी, पोटे आणि जोड एवढे असतात की वजन वाढवताना आतली पांढरी जागा झपाट्याने कमी होते. सॉफ्टवेअरमधील कृत्रिम बोल्डचे बटण दाबले की अक्षराच्या बाहेरची आणि आतली कड सारखीच फुगते आणि ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘छ’ यांचे गोळे होतात. फॉन्टमध्ये खरे जाड वजन नसेल तर ठसठशीतपणा आकारातून किंवा रंगातून आणावा. हीच गोष्ट तिरक्या अक्षरांची : इटॅलिकचे बटण देवनागरीला फक्त कलते करते, आणि शिरोरेषा आडवी राहून दांड्या तेवढ्या झुकल्यामुळे शब्द पडायला आल्यासारखा दिसतो.

टंकलेखनातील शिस्त

मांडणी कितीही चांगली असली तरी मजकूर चुकीचा टंकलेला असेल तर ती वाया जाते. मजकूर युनिकोडमध्येच, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्व संगणकांवर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, घ्यावा. युनिकोडपूर्व काळातील फॉन्टमध्ये टंकलेली फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली की अगम्य चिन्हांचा खच पडतो, आणि ती परिवर्तकातून काढली तरी रफार व जोडाक्षरे हमखास कुठेतरी घसरतात. असा मजकूर मूळ प्रतीशी ताडून वाचल्याशिवाय वापरू नये. ‘ॲ’ हे युनिकोडमधील एक सलग अक्षर आहे. ‘अ’वर चंद्र चिकटवून ते बनवू नये. विसर्ग आणि अपूर्णविराम यांची गल्लत तर इतकी बोकाळली आहे की निमंत्रणपत्रिकांवर ‘स्थळः’ आणि ‘वेळः’ असे विसर्ग सर्रास दिसतात. तिथे अपूर्णविराम हवा, आणि तो विसर्गासारखा दिसू नये म्हणून त्याच्याआधी थोडी जागा सोडण्याची मराठी छपाईतील जुनी पद्धत शहाणपणाची आहे. मजकुरातील अंक देवनागरी ठेवायचे की रोमन, हे एकदा ठरवून शेवटपर्यंत पाळावे. ‘डॉ.’ आणि नाव, ‘क्र.’ आणि आकडा, ‘रु.’ आणि रक्कम यांच्यामध्ये न तुटणारी जागा घालावी, म्हणजे ओळीच्या शेवटी ‘डॉ.’ एकटेच लटकत राहत नाहीत.

आकार, ओळी आणि स्तंभ

आता मूळ मोजणीकडे परत जाऊ. अक्षराच्या देहाला पॉइंट-आकाराचा निम्माच वाटा मिळत असल्याने पुस्तकी मजकुरासाठी जिथे इंग्रजीत दहा-अकरा पॉइंट पुरतात, तिथे मराठीत साधारण बारा ते चौदा पॉइंट लागतात. फॉन्टप्रमाणे हा आकडा बदलतो, म्हणून आकड्यावर विसंबू नये. ठरलेल्या कागदावर परिच्छेद छापून, शक्य असल्यास चाळिशी लागलेल्या वाचकाच्या हाती देऊन पाहावे.

ओळींमधील अंतराबाबत चूक जवळजवळ ठरलेली असते, कारण ती सॉफ्टवेअरच आपल्या वतीने करून टाकते. इनडिझाइन या पानमांडणीच्या सॉफ्टवेअरमध्ये आपोआप मिळणारे ओळ-अंतर अक्षराच्या आकाराच्या १२० टक्के असते. तेरा पॉइंटच्या मजकुराला त्या हिशेबाने १५.६ पॉइंट मिळतात. वरच्या ओळीत ‘कृष्णाकडून’ आणि बरोबर त्याच्याखाली ‘कीर्तींचा’ असे शब्द आले की वरचा उकार आणि खालचा रफार एकमेकांत शिरतात. वाचकाला अक्षरे कळतात, पण डोळा अडखळतो. तेरा पॉइंटला एकोणीस ते एकवीस पॉइंटचे ओळ-अंतर बहुतेक फॉन्टना मानवते, म्हणजे साधारण दीडपट किंवा थोडे अधिक. पडद्यावर, विशेषतः मोबाइलवर, आकाराच्या १.६ ते १.८ पट अंतर ठेवावे. उलट, मोठ्या शीर्षकात दीडपट अंतर ठेवले तर दोन ओळी एकमेकींपासून तुटतात. शीर्षक दोन ओळींचे असेल तर वरच्या ओळीत कुठे उकार आहेत आणि खालच्या ओळीत कुठे वेलांट्या आहेत हे पाहून अंतर डोळ्याने जुळवावे. जिथे वरच्या उकाराखाली मोकळी शिरोरेषा येते, तिथे ओळी बऱ्याच जवळ आणता येतात.

अक्षरांमधील अंतर हा रोमनमधून उसना घेतलेला आणखी एक मोह. कॅपिटल अक्षरे ऐसपैस पसरवली की ती भारदस्त दिसतात. तोच प्रयोग देवनागरीवर केला की शिरोरेषा जागोजाग तुटते आणि शब्दाऐवजी सुटी अक्षरे उरतात. मजकुरात हे अंतर शून्यावरच ठेवावे. शब्द जागेत बसत नाही म्हणून तो आडवा दाबणे किंवा ताणणे याहूनही वाईट, कारण त्यात दांड्यांची जाडी बदलते आणि शिरोरेषेची तशीच राहते. शब्द बसत नसेल तर आकार कमी करावा, ओळ दुसरीकडे तोडावी किंवा अरुंद बांध्याचा फॉन्ट घ्यावा.

स्तंभाची रुंदी ठरवताना मराठी शब्दांची लांबी विचारात घ्यावी लागते. आपली विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला चिकटून येतात, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांसाठीच्या’, ‘महाविद्यालयांमधील’ असे शब्द ओळीत मोठी जागा अडवतात. अरुंद स्तंभात असा मजकूर दोन्ही कडांना जुळवला की एका ओळीत तीनच शब्द राहून त्यांच्यामध्ये भगदाडे पडतात, आणि ती ओळींमागून ओळी खाली झिरपताना दिसतात. ओळीत आठ ते अकरा शब्द मावत असतील तर दोन्ही कडा जुळवाव्यात; त्याहून अरुंद स्तंभात डावी कड जुळवून उजवी मोकळी सोडावी. शब्द तोडणे भागच असेल तर पूर्ण अक्षरानंतर आणि शक्यतो मूळ शब्द आणि प्रत्यय यांच्या सांध्यावर तोडावा. वेलांटी एका ओळीत आणि तिचे व्यंजन दुसऱ्या ओळीत, असे कदापि होऊ नये.

एका हस्तपत्रकाची मांडणी

एखाद्या ग्रंथालयाच्या व्याख्यानाचे हस्तपत्रक करायचे आहे असे धरू. आकार ए-पाच, म्हणजे १४८ बाय २१० मिलिमीटर. आलेल्या मजकुरात ग्रंथालयाचे नाव, व्याख्यानाचा विषय, वक्त्याचे नाव आणि परिचय, दिनांक, वेळ, स्थळ, अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, कार्यवाह, विश्वस्त आणि देणगीदार एवढे सगळे आहे. यांपैकी प्रत्येकाला आपले नाव ठळक हवे असते, आणि सगळेच ठळक केले तर काहीच ठळक राहत नाही हे समजावून सांगण्याची जबाबदारी डिझायनरवर येते. वाचनाचा क्रम आधी कागदावर लिहून काढावा. रस्त्याने जाणाऱ्या माणसाला प्रथम विषय आणि वक्ता कळला पाहिजे. त्याला रस वाटला तर तो दिनांक, वेळ आणि स्थळ शोधेल. बाकीचे तपशील ज्यांचे त्यांनाच महत्त्वाचे असतात.

या क्रमाला तीन आकार पुरतात. विषयासाठी ३४ पॉइंट, वक्त्याचे नाव आणि दिनांक-स्थळ यांसाठी २० पॉइंट आणि उरलेल्या मजकुरासाठी १३ पॉइंट घ्यावेत. वजने दोनच ठेवावीत, साधे आणि जाड. वक्त्याचे नाव जाड, दिनांक-वेळ-स्थळ त्याच आकारात साधे, एवढ्यानेच दोघांमधला फरक कळतो. चारही बाजूंना १२ मिलिमीटरचा समास सोडावा आणि सगळा मजकूर एकाच डाव्या कडेला लावावा. सगळे मध्यभागी घेण्याची सवय लग्नपत्रिकांतून आलेली आहे. तिथे ती शोभते, पण वेगवेगळ्या लांबीच्या दहा ओळी मध्यभागी घेतल्या की डोळ्याला प्रत्येक ओळीची सुरुवात नव्याने शोधावी लागते. डावी कड जुळवताना शिरोरेषेचे टोक कडेला लागते की नाही ते पाहावे. ‘थ’, ‘ध’ किंवा ‘भ’ने सुरू होणारी मोठी ओळ तुटक शिरोरेषेमुळे किंचित आत सरकल्यासारखी भासते, ती केसभर डावीकडे घ्यावी.

विषय आणि वक्ता यांच्यामधील जागेपेक्षा वक्ता आणि दिनांक यांच्यामधील जागा मोठी असावी, म्हणजे पहिले दोघे एक गट म्हणून वाचले जातात. गट वेगळे दाखवण्यासाठी चौकटी, नक्षी आणि रेघा यांचा आधार घेण्यापूर्वी नुसती पांढरी जागा वाढवून पाहावी. शिरोरेषांमुळे मराठी मजकुरात आधीच पुष्कळ आडव्या रेघा असतात; त्यांत अधोरेखनाची भर घातली की खालचे उकार कापले जातात आणि पान जाळीदार दिसते. अधोरेखन मराठीत वर्ज्यच मानावे, असे माझे मत आहे.

दोन लिपी शेजारी

महाराष्ट्रातील दुकानांच्या पाट्यांवर मराठी नाव आधी यावे आणि ते इतर लिपीतील नावापेक्षा लहान नसावे, अशी तरतूद २०२२ मध्ये दुकाने व आस्थापना कायद्यातील दुरुस्तीने स्पष्ट झाली. ती पाळताना अनेक पाट्यांवर दोन्ही लिपींना एकच पॉइंट-आकार दिलेला दिसतो, आणि तरीही मराठी नाव लहान वाटते; त्याचे कारण वर मोजलेल्या तीन पट्ट्यांत आहे. आकड्यावर न जाता देवनागरीच्या मधल्या पट्ट्याची उंची रोमन कॅपिटलच्या उंचीशी ताडून आकार ठरवावा. परिच्छेदात अधूनमधून रोमन शब्द येत असतील तर ते देवनागरीच्या ८५ ते ९० टक्के आकारात घ्यावेत आणि त्यांच्या दांड्यांची जाडी देवनागरीच्या दांडीशी जुळते का ते पाहावे. एकाच कुटुंबातील दोन्ही लिपी वापरल्या तर हे काम फॉन्टकर्त्याने आधीच करून ठेवलेले असते.

छपाईला देण्यापूर्वी

सॉफ्टवेअरच्या बाबतीत एक अडचण नव्या माणसाला हमखास भेडसावते : मजकूर चिकटवताच वेलांट्या भलत्या बाजूला जातात आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी होतात. फॉन्ट बिघडलेला नसतो. इनडिझाइनमध्ये परिच्छेदासाठी वर्ल्ड-रेडी कंपोझर (अक्षरे जुळवून ओळी लावणारी यंत्रणा) निवडावा, इलस्ट्रेटरमध्ये टाइपच्या पसंतीक्रमांतून भारतीय लिपींचे पर्याय दाखवायला सांगून तसाच कंपोझर घ्यावा, फोटोशॉपमध्येही वर्ल्ड-रेडी मांडणी निवडावी; अक्षरे जागेवर येतात. मजकूर पुन्हा टंकण्याच्या भानगडीत पडू नये.

दुसरी अडचण फ्लेक्सच्या कामात येते. देवनागरीत शेजारच्या अक्षरांच्या शिरोरेषा एकमेकींवर किंचित चढवलेल्या असतात. भरीव काळ्या अक्षरात हे दिसत नाही, पण शीर्षकाला बाह्यरेषा दिली किंवा ते अर्धपारदर्शक केले की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उमटते. अशा वेळी मजकुराचे कर्व्ह करून, म्हणजे अक्षरांचे नुसत्या आकृत्यांत रूपांतर करून, सगळे तुकडे एकत्र जोडून घ्यावेत आणि मगच बाह्यरेषा द्यावी. कोरलड्रॉमध्ये यासाठी वेल्डची आज्ञा आहे. कर्व्ह केल्यावर मजकूर दुरुस्त करता येत नाही, म्हणून संपादनयोग्य फाइल वेगळ्या नावाने राखून ठेवावी आणि मुद्रितशोधन कर्व्ह करण्याच्या आधीच पूर्ण करून घ्यावे.

शेवटची तपासणी पडद्यावर करू नये. प्रत्यक्ष आकारात कागदावर छाप काढावा, तो एकदा उलटा धरून पानाचा काळेपणा कुठे दाटला आहे ते पाहावे, आणि मग सरळ धरून फक्त शिरोरेषेच्या वरचा पट्टा वाचावा : प्रत्येक अनुस्वार, प्रत्येक रफार, प्रत्येक वेलांटी. हे काम मजकूर ज्याने टंकला त्याने न करता दुसऱ्या कोणी करावे. निमंत्रणावरील नावे, दिनांक आणि वार कार्यवाहांकडून सही घेऊन मंजूर करून घ्यावेत, आणि तो सही केलेला छाप काम पोहोचते होईपर्यंत फाइलला लावून ठेवावा.